दम रक्तात नाही म्हणून हात झटकू नका, आणि दम घडवायची घाईही करू नका

शर्यतीच्या घोड्यांबद्दल जिथे जिथे चर्चा होते तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हा घोडा 1600 मीटरचा आहे हो, 2400 त्याच्या रक्तातच नाही." घोडा शेवटच्या 400 मीटरमध्ये ढेपाळला, मागचे घोडे बाजूने निघून गेले, की लगेच आईबापाची वंशावळ काढायची आणि विषय संपवायचा. त्याच्याकडून गेल्या सहा महिन्यांत काय काम करून घेतलं, आठवड्यातून किती वेळा वेगात पळवलं, चढावर नेलं का, दोन कठीण कामांच्या मध्ये किती दिवस सोडले, हे कोणी विचारतच नाही. मालक विचारत नाही, पैसे लावणारा तर नाहीच नाही, आणि बऱ्याच वेळा ट्रेनरलाही ते सांगायची गरज वाटत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. लांब पल्ल्याचा दम बऱ्याच अंशी घडवता येतो, आणि जो घोडा 2400 ला कमी पडला त्याची तयारीच 1600 ची झालेली असण्याची शक्यता रक्तापेक्षा आधी तपासायला हवी. पण याला लगेच दुसरं टोक जोडून सांगतो, कारण ते सांगितलं नाही तर पहिलं धोकादायक आहे. दम घडवता येतो हे ज्यांना पटतं ते बरेचदा घाई करतात, आणि त्या घाईची किंमत घोड्याचे पाय देतात. घोडा ही एकच वस्तू नाहीये. त्याचं हृदय आठवड्यांत सुधारतं, स्नायूंना महिने लागतात, हाडं आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) त्याहून सावकाश चालतात, आणि ट्रेनिंगची पद्धत चांगली की वाईट हे ती या सगळ्यांत मागे राहणाऱ्याची वाट बघते की नाही यावरच ठरतं.

आधी रक्ताचं बोलू, कारण ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. 2010 साली डब्लिनच्या विद्यापीठातल्या एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन या जनुकाचा आणि थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्याच्या अंतराचा संबंध दाखवला. या जनुकाच्या एका जागी सी-सी (सी आणि टी ही डीएनएची अक्षरं) असलेले घोडे साधारण कमी अंतराला, सी-टी मधल्या अंतराला आणि टी-टी लांब अंतराला चांगले पळतात. हे संशोधन पक्कं आहे, त्यावर टेस्टही विकल्या जातात. पण ते सांगतं काय? स्नायू किती भरदार आणि कुठल्या प्रकारचे तंतू जास्त, एवढंच, तेही सरासरीने. एखादा घोडा कुठे सुरू होतो हे त्यावरून कळतं, कुठपर्यंत जाईल हे कळत नाही.

जपानचा मिहोनो बर्बन बघा. या घोड्याकडे सगळे कमी अंतराचा घोडा म्हणूनच बघायचे, घराणंच तसं होतं. त्याचे ट्रेनर तामेओ तोयामा मात्र ऐकणाऱ्यातले नव्हते. रित्तो ट्रेनिंग सेंटरमध्ये 1985 साली चढाचा ट्रॅक सुरू झाला होता, आणि तोयामा यांनी या घोड्याला त्या चढावर रोज पुन्हा पुन्हा पळवून इतकं कसलं की त्याच्या मागच्या भागाचे स्नायू बघून लोक थक्क व्हायचे. 1992 साली तो एकही शर्यत न हरता 2000 मीटरची सात्सुकी शो जिंकला, मग 2400 मीटरची जपानी डर्बीसुद्धा जिंकला, म्हणजे ज्या अंतराला तो पुरणार नाही असं सगळे म्हणत होते तिथेच. त्यानंतर 3000 मीटरच्या किक्का शोमध्ये मात्र राईस शॉवरने त्याला मागे टाकलं. राईस शॉवर हा जातीचा लांब पल्ल्याचा घोडा, पुढे त्याने 3200 मीटरची वसंतातली तेन्नो शो दोनदा जिंकली. मिहोनो बर्बनची कारकिर्दीतली ती एकमेव हार, आणि त्यानंतर पायाच्या दुखापतीमुळे तो पुन्हा शर्यतीत उतरलाच नाही.

ही गोष्ट लोक अर्धीच सांगतात. कोणी म्हणतं बघा, मेहनतीने रक्तावर मात केली. कोणी म्हणतं बघा, शेवटी 3000 ला रक्तच जिंकलं. मला त्यात दोन्ही दिसतं, आणि तिसरंही दिसतं. ट्रेनिंगने एका घोड्याचं अंतर कित्येकशे मीटरने लांबवलं, हे आधी मान्य करा. पण त्याला मर्यादा होती हेही मान्य करा. आणि दुखापत त्या कामामुळेच झाली असं ठामपणे म्हणणं बरोबर नाही, तरी इतकं कठोर काम करून घेताना पायांचा हिशेब कोण ठेवत होतं हा प्रश्न मला त्या विजयाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतही असंच. 1973 च्या बेलमाँट स्टेक्सच्या आधी सेक्रेटेरियट या घोड्याबद्दल शंका हीच होती की त्याचा बाप बोल्ड रूलर याची पिल्लं 2400 मीटरला टिकत नाहीत. तो 31 लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला, 2 मिनिटं 24 सेकंदात, आणि मातीच्या ट्रॅकवरचा हा विक्रम आजही तसाच आहे. आता आईकडून त्याच्यात प्रिन्सक्विलोचं लांब पल्ल्याचं रक्त होतं हे खरंय, पण त्याचे ट्रेनर ल्युसियन लॉरिन यांनी शर्यतींच्या मध्ये त्याला कुरवाळत बसवलं नाही, जोरदार कामं दिली, कारण तो घोडा कामावर फुलणारा होता आणि त्यांनी ते ओळखलं होतं. रक्त आणि काम वेगळं करायला गेलं की हाती काहीच लागत नाही.

आता मुळात लांब शर्यतीला लागतं काय ते बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. घोड्याचं हृदय निवांत असताना मिनिटाला 30 ते 40 ठोके देतं आणि पूर्ण वेगात 220 च्या वर जातं. 500 किलोच्या घोड्याचं हृदय साधारण चार-पाच किलोचं असतं, ऑस्ट्रेलियात गाजलेल्या फार लॅप या घोड्याचं 6.2 किलोचं भरलं होतं आणि ते आजही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलंय. शिवाय घोड्याकडे एक जादा सोय आहे, त्याची प्लीहा लाल पेशींचा मोठा साठा धरून ठेवते आणि जोर लावायची वेळ आली की तो साठा रक्तात सोडते, म्हणून निवांत असताना रक्तात 35 ते 40 टक्के असलेलं लाल पेशींचं प्रमाण पळताना 60 च्या वर जातं. ऑक्सिजन वापरायची त्याची ताकद उत्तम माणूस धावपटूच्या जवळजवळ दुप्पट असते. पण दुसरीकडे अडचणही आहे. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, आणि गॅलपमध्ये, म्हणजे वेगाच्या धावेत, त्याचा श्वास पावलाशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. माणसासारखं धापा टाकून श्वासाचा वेग वाढवणं त्याला जमत नाही.

यातून निघतं काय तर, दोन मिनिटांच्या शर्यतीतसुद्धा घोड्याची बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवरच येते. म्हणजे ज्याला आपण "स्पीडचा घोडा" म्हणतो त्यालाही पायाभूत दम लागतोच, आणि लांब पल्ल्याच्या घोड्याला लागतं ते काही वेगळं नाही, तेच जास्त प्रमाणात आणि जास्त काटकसरीने वापरलेलं लागतं. म्हणून 3200 मीटर पळायचंय तर रोज 3200 मीटर पळवा हा विचार मुळातच चुकीचा आहे.

हा विचार आला कुठून ते समजण्यासारखं आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात किंग्ज प्लेटच्या शर्यती चार मैलांच्या असायच्या, तेही एकाच दिवशी पुन्हा पुन्हा, हीट्समध्ये, आणि घोडे वयाने मोठे असायचे. त्या काळातले ट्रेनर घोड्याला जाड घोंगड्या पांघरून मैलोनमैल पळवायचे, घाम काढायचे, चरबी उतरली म्हणजे तयार झाला असं मानायचे. आज घोडा तीन वर्षांचा असतानाच डर्बी आणि सेंट लेजर या मोठ्या शर्यती पळतो. घोंगड्या गेल्या पण मागचा समज पुरता गेला नाही, "लांब पळायचंय ना, मग लांब पळव" हे आजही बऱ्याच तबेल्यांत चालतं.

त्यात नुकसान काय होतं ते नीट बघा. गॅलपमध्ये एका क्षणी एका पायावर घोड्याच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. एका झेपेत सहा-सात मीटर अंतर धरलं तर 3200 मीटरला साडेचारशे-पाचशे झेपा होतात, म्हणजे तितक्या वेळा प्रत्येक पाय तो भार झेलतो, आणि शेवटच्या शंभर झेपा थकलेल्या स्नायूंनी टाकलेल्या असतात. थकलेला स्नायू पाय नीट सावरत नाही, मग तो धक्का टेंडनवर आणि सांध्यावर जातो. दुसरं म्हणजे घोड्याच्या स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा कठीण कामानंतर भरून यायला दोन-तीन दिवस लागतात, माणसापेक्षा जास्त. म्हणजे मंगळवारी दमवलेला घोडा बुधवारी पुन्हा दमवला तर तो तयार होत नाही, रिकामा होत जातो, आणि आपण समजतो की त्याच्यात दम नाही.

याला पर्याय म्हणून जे आलं ते म्हणजे कमी अंतराची, पुन्हा पुन्हा, मध्ये सावरायला वेळ देऊन केलेली कामं, म्हणजे इंटर्व्हल, आणि शक्यतो चढावर. ब्रिटनमध्ये मार्टिन पाईप यांनी अडथळ्यांच्या शर्यतीचे घोडे असे तयार केले. या शर्यती दोन मैलांपासून चार मैलांच्या वर, म्हणजे सगळ्यात लांब पल्ल्याचाच प्रकार, आणि पाईप त्यांच्यासाठी घोडे लांब पळवत नव्हते, पाचेक फर्लांगांच्या (एक फर्लांग साधारण 200 मीटर) चढावर पुन्हा पुन्हा नेत होते, रक्त तपासत होते, वजन करत होते. पारंपरिक मंडळींनी नाकं मुरडली. पण पाईप यांचे घोडे सुरुवातीलाच पुढे जायचे आणि बाकीचे दमले तरी पुढेच राहायचे, आणि ते 15 वेळा चॅम्पियन ट्रेनर झाले, चार हजारांहून जास्त विजय मिळवले. त्याआधी कितीतरी वर्षं फार लॅपचे ट्रेनर हॅरी टेलफर्ड त्याला वाळूच्या टेकड्यांवर राबवत होते, त्यांच्याकडे ना लॅब होती ना हृदयाचे ठोके मोजायचं यंत्र. जपानमध्ये रित्तोचा चढ सुरू झाल्यावर पश्चिमेकडच्या तबेल्यांनी पूर्वेकडच्यांना मागे टाकलं, आणि 1993 साली पूर्वेच्या मिहो सेंटरलाही चढाचा ट्रॅक बांधावा लागला.

चढ का उपयोगी पडतो? कारण कमी वेगातच हृदयाला पूर्ण काम मिळतं. सपाटीवर ठोके 200 पर्यंत न्यायला जो वेग लागतो त्यापेक्षा बराच कमी वेग चढावर पुरतो, आणि पुढच्या पायांवरचा भार थोडा मागे सरकतो. शर्यतीत मोडतात ते बहुतेक पुढचे पाय, म्हणून याला महत्त्व आहे. स्वीडनमध्ये 1960 च्या दशकात सुने पर्सन यांनी घोड्यांना ट्रेडमिलवर पळवून हे मोजायला सुरुवात केली, ठोके 200 असताना घोडा किती वेगात आहे हे बघायचं, आठवड्यांनी तोच वेग वाढला की दम वाढला. इतकी साधी कसोटी आहे ही, आणि साठ वर्षांनंतरही कित्येक ठिकाणी घोडा "बरा वाटतोय" यावरच शर्यतीत उतरवला जातो.

पण इथेच मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण चढ, इंटर्व्हल, स्विमिंग या नव्या पद्धतींच्या कौतुकात ती हरवते. या सगळ्या पद्धती हृदय आणि फुफ्फुसं फार लवकर तयार करतात. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांतच घोड्याची ऑक्सिजन वापरायची क्षमता 10 ते 20 टक्के वाढू शकते. हाडाला मात्र हे काहीच माहीत नसतं. हाड फक्त त्याच्यावर पडलेल्या भारालाच प्रतिसाद देतं, आणि ज्या वेगाचा, ज्या दिशेचा भार पडेल त्यालाच. अमेरिकेतल्या डेव्हिड नुनामेकर यांनी तरुण घोड्यांच्या गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाच्या दुखण्यावर केलेलं काम इथे फार मोलाचं आहे. त्यांनी दाखवलं की रोज लांब आणि हळू पळवलेल्या घोड्याचं हाड शर्यतीच्या वेगाला तयार होत नाही, आणि त्याउलट सुरुवातीपासून अगदी थोड्या अंतराची पण वेगातली कामं नियमित दिली की हाड त्या वेगाच्या भारासाठी स्वतःला घडवतं. थोडी अंतरं म्हणजे खरंच थोडी, एक-दोन फर्लांगांपासून सुरू करून हळूहळू वाढवायची.

म्हणून पोहण्याच्या तलावात तयार केलेला घोडा मला काळजीत टाकतो. पाण्यात पायावर भार नाही, त्यामुळे दुखऱ्या घोड्याला सावरायला तलाव उत्तम आहे, त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण पोहून पोहून छाती तयार झाली, घोडा उड्या मारायला लागला, आणि आता तो 2400 ला तयार आहे असं मानून त्याला ट्रॅकवर सोडलं, तर आपण कच्च्या चाकांच्या गाडीला दमदार इंजिन बसवलंय. दम आहे म्हणून तो थांबत नाही, आणि थांबत नाही म्हणून पाय जातो.

विश्रांतीचंही तसंच. हाडात सूक्ष्म भेगा पडणं ही रोजची गोष्ट आहे, शरीर त्या भागातलं जुनं हाड काढून नवं भरतं. पण काढण्याचं काम आठवड्यांत होतं आणि भरायला महिने लागतात, मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कमकुवत असते. दोन-तीन महिने सुट्टीवर गेलेला घोडा परत आला की दिसायला ताजातवाना, श्वास तर फारसा गेलेलाच नसतो, घोडे दम बरेच आठवडे टिकवून ठेवतात, म्हणून ट्रेनर त्याला जुन्या वेळापत्रकावर टाकतो. हाड तिथे नाहीये. टेंडनचं त्याहून वाईट, वेगात पळताना त्याच्या गाभ्यात तापमान 45 अंशांपर्यंत जातं आणि एकदा इजा झाली की पूर्वीसारखं ते जवळजवळ कधीच होत नाही. संशोधनातून दोन्ही बाजू समोर येतात, थोड्या दिवसांत वेगाच्या कामाचं अंतर फार साठलं तर मोडायचा धोका वाढतो, आणि वेगाचं काम अजिबातच न करता शर्यतीत उतरवलं तरी वाढतो. सोपं उत्तर नाही, हिशेब ठेवावाच लागतो.

मेलबर्न कपबद्दल बोलल्याशिवाय हा हिशेब पूर्ण होत नाही. 3200 मीटर, जगातली सगळ्यात प्रसिद्ध लांब शर्यत. ट्रेनर बार्ट कमिंग्ज यांनी ती 1965 ते 2008 च्या दरम्यान 12 वेळा जिंकली आणि त्यांचं सूत्र सगळ्यांना माहीत होतं, कपच्या आधी त्या मोसमात घोड्याच्या पायांत 10000 मीटरच्या शर्यती हव्यात. म्हणजे शर्यतीच त्यांच्या ट्रेनिंगचा भाग होत्या. मग 1993 साली आयर्लंडहून डर्मट वेल्ड व्हिंटेज क्रॉपला घेऊन आले, तो आयरिश सेंट लेजर पळून थेट विमानात बसला, ऑस्ट्रेलियात एकही शर्यत न पळता कप जिंकला. लोक तेव्हापासून वाद घालतायत की कोणाची पद्धत बरोबर. मला वाटतं हा वादच चुकीच्या जागी आहे. व्हिंटेज क्रॉपच्या पायांत काम नव्हतं असं थोडंच आहे, ते घरच्या सरावाच्या ट्रॅकवर झालेलं होतं, फक्त कोणाला दिसलं नव्हतं. कमिंग्ज यांचं काम शर्यतींच्या निकालात छापून यायचं. दोघांनीही घोड्याला हळूहळू अंतराला आणलं, अंतर चढतं ठेवलं, आणि दोघांनाही घोडा कधी पुरेसा तयार झालाय हे कळत होतं.

आणखी एक गोष्ट, जी ट्रेनिंगच्या तक्त्यात येत नाही. डोकं. घोडा पहिल्या 1000 मीटरमध्ये लगाम ओढत, मान वर करत, जॉकीशी भांडत पळाला तर जगातला कुठलाही दम शेवटी पुरणार नाही. इंग्लंडमधला गाजलेला घोडा फ्रँकेल सुरुवातीला असाच बेभान ओढायचा. त्याचे ट्रेनर हेन्री सेसिल यांच्या तबेल्यातल्या लोकांनी त्याला महिनोन्महिने सकाळच्या कामात शांत राहायला शिकवलं, आणि 2012 साली यॉर्कला, आधी कधी न पळलेल्या साधारण 2100 मीटरला, तो मागे निवांत राहून सात लांबींनी जिंकला. तो काही लांब पल्ल्याचा घोडा नव्हता, पण त्याचं अंतर वाढलं ते श्वास वाढून नव्हे, उधळपट्टी थांबून. ज्या घोड्याकडून रोज घड्याळाशी स्पर्धा करून घेतली जाते त्याला हे शिकायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या घोड्यांच्या मागे, संथ कँटरमध्ये, कान सैल सोडून जायला शिकवणं हेही लांब शर्यतीचं ट्रेनिंगच आहे, आणि मला तर ते सगळ्यात दुर्लक्षित वाटतं.

मग एवढं सगळं माहीत असताना घोडे तसे तयार का होत नाहीत? कारण पैसा तिकडे नाही. दोन वर्षांच्या घोड्यांचे ब्रीझ-अप लिलाव होतात, तिथे घोडा एखाद-दोन फर्लांग पूर्ण वेगात पळवून दाखवतात आणि त्याची किंमत सेकंदांच्या अंशांवर ठरते. म्हणजे ज्या वयात त्याला पायरी-पायरीने काम द्यायला हवं, त्या वयात त्याला एका स्फोटासाठी तयार केलं जातं. मला लहान वयातल्या व्यायामाची तक्रार नाही, उलट वाढत्या वयातला योग्य भार हाडाला फायद्याचाच असतो. तक्रार आहे ती घाईची आणि एकसुरीपणाची. पुढे तोच घोडा तिसऱ्या वर्षी 2400 ला पळतो, अमेरिकेत तर बेलमाँटसारखं अंतर बहुतेक घोड्यांच्या आयुष्यात एकदाच येतं, तेही कधीच तसं काम न करता. तिथे 1960 साली एक घोडा वर्षाला सरासरी 11 हून जास्त शर्यती पळायचा, आता साधारण 6 वर आलंय. कमी पळतात म्हणून जास्त टिकतात असंही झालेलं नाही. युरोपात थोडा प्रयत्न झाला, लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या मालिकेसाठी 10 लाख पौंडांचा बोनस लावला आणि स्ट्रॅडिव्हेरियसने तो 2018 आणि 2019 असा दोनदा नेला. चांगलंच झालं, पण एका अजोड घोड्याला मिळालेल्या बक्षिसाने शेकडो साध्या घोड्यांचं वेळापत्रक बदलत नाही. त्यासाठी खालच्या दर्जाच्या, नवख्या घोड्यांच्या 2400 च्या वरच्या शर्यती वाढवाव्या लागतील, म्हणजे ट्रेनरला वाट बघायला कारण मिळेल.

आणि दुसरी मागणी, जिच्यावर मी जास्त ठाम आहे. कामाचा रेकॉर्ड उघड व्हायला हवा. हाँगकाँगमध्ये प्रत्येक घोड्याची रोजची ट्रॅकवरची कामं आणि डॉक्टरी नोंदी कोणालाही बघता येतात, तिथली रेसिंग त्यामुळे बुडाली नाही, उलट लोकांचा विश्वास वाढला. अमेरिकेत फक्त घड्याळ लावून केलेली वेगाची कामं छापतात, मधल्या दिवसांचं काहीच नाही. बऱ्याच देशांत तर सगळं तबेल्याच्या भिंतीआड. मेलबर्नमध्ये 2020 च्या कपमध्ये अँथनी व्हॅन डाईक, जो एप्सम डर्बी जिंकलेला घोडा होता, पाय मोडल्याने दगावला, आणि त्यानंतर 2021 पासून कपच्या घोड्यांच्या पायांचे सीटी स्कॅन सक्तीचे झाले. हा निर्णय योग्यच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण स्कॅन शेवटच्या दारावर होतो. तोपर्यंत जे व्हायचं ते हाडात होऊन गेलेलं असतं, आणि ते कशाने झालं हे आधीच्या तीन-चार महिन्यांच्या कामात लिहिलेलं असतं, जर कोणी लिहिलं असेल तर.

यावर ट्रेनर म्हणतात की हे आमचं गुपित आहे, आमची कला आहे. मला ती कला खरंच मोठी वाटते, पण कुठल्या घोड्याने कुठल्या दिवशी किती अंतर किती वेगात केलं हे गुपित नाही, पाईप यांची पद्धत सगळ्यांना माहीत होती तरी त्यांना हरवणं कोणाला सोपं गेलं नाही, कारण खरं कसब प्रत्येक घोडा बघून ते काम ठरवण्यात होतं. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो लहान तबेल्यांसाठी रास्त आहे. जीपीएस आणि ठोके मोजायची यंत्रं घोड्याच्या पट्ट्याखाली सहज बसतात, ती शर्यती भरवणाऱ्या संस्थांनी द्यावीत, जसं ट्रॅकची देखभाल त्याच करतात. तिसरा आक्षेप असा की लोकांना आकडे कळणार नाहीत आणि उगाच गोंधळ होईल. होऊ दे. सुरुवातीला आकडे फक्त संस्थेच्या पशुवैद्यांनी बघावेत, 2400 मीटर आणि त्यावरच्या शर्यतीत नाव द्यायचं तर आधीच्या 90 दिवसांची नोंद जोडणं सक्तीचं करावं, सुट्टीवरून परतलेल्या घोड्याची पायरी-पायरीने वाढलेली कामं त्यात दिसली नाहीत तर डॉक्टरांनी घोडा तपासल्याशिवाय उतरवू नये, आणि एक-दोन मोसमांनी ती नोंद सगळ्यांसाठी खुली करावी, म्हणजे पुढच्या वेळी एखादा घोडा शेवटच्या 400 मीटरमध्ये थांबला की मालक वंशावळीआधी ते तीन महिने उघडून बघू शकेल.